कानसेनांच्या खोलीतला दिवा

सोमवार, ३ मार्च

आज घरी टेपांची खोकी आली आणि बसायच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. ही म्हणाली, "पाहुणे आले तर खोक्यांवर बसवीन. तुम्हाला मात्र उभंच राहावं लागेल."

झालं असं, की आमच्या रेडिओ केंद्राचं जुनं प्रक्षेपण महिनाअखेरीला बंद होतंय. पुढचा सगळा कारभार डिजिटल. जुन्या इमारतीतली कपाटं रिकामी करताना स्पूलच्या टेपा निघाल्या, आणि त्या वाजवणारं धड यंत्र केंद्रात एकही नाही. ते आहे माझ्या गॅलरीत, मेणकापडाखाली. केंद्राच्या इंजिनिअर बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "काका, यातला आवाज संगणकात घ्यायचाय. यंत्र तुमचं, कान तुमचे, फाईल आमची."

कान तुमचे! अंगावर मूठभर मांस चढलं.

रेडिओ दुरुस्ती मला कुणी शिकवली नाही. लहानपणी मावशीचा रेडिओ खोलला, मार खाल्ला, पुन्हा खोलला, तेव्हा कुठे तो बोलला. पुढे दुकान टाकलं. नुसतं ऐकून आत काय आजारी आहे ते सांगायचो, म्हणून लोक कानसेन म्हणायचे. त्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकान गेलं, पण कान मी बरोबर घेऊन आलो.

एक टेप बाईंनी वेगळी हातात दिली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. सकाळच्या कार्यक्रमाच्या जुन्या निवेदिका होत्या, त्यांच्या भाषणाची. घशाच्या ऑपरेशननंतर त्या बोलू शकत नाहीत. मोबाईलवर टाईप करतात आणि मोबाईल ते वाचून दाखवतो, कुठल्याशा परक्या, सपाट आवाजात. या टेपवरून त्यांचा आवाज स्वच्छ निघाला, तर म्हणे तो मोबाईलला शिकवता येतो. मग मोबाईल त्यांच्याच आवाजात बोलेल! त्या सलग बोलल्यात अशी टेप ही एकच. पण ती इतकी जीर्ण झालीय की एकदोनदा फिरली तर फिरली. तिसऱ्यांदा भरवसा नाही.

मी ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली. आधी बाकीच्या करून हात बसू दे. गोड घास शेवटी.

ही फळीकडे बघून म्हणाली, "आली म्हणायची माझी सवत घरी."

लग्नानंतर रोज सकाळी या निवेदिका बोलायला लागल्या की मी घरादाराला गप्प बसवायचो. ते हिने अजून सोडलेलं नाही.


बुधवार, ५ मार्च

कामाला सुरुवात केली. पुढेमागे कुणी हे वाचलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. टेपवरचा आवाज उचलणारा जो भाग असतो त्याला हेड म्हणतात. ते टेपला अगदी काटकोनात लागतं. केसभर तिरकं झालं तरी वरच्या पट्टीतले आवाज गळून पडतात आणि बोलणारा तोंडावर उशी घेऊन बोलतोय असं वाटतं. हेडच्या कुशीला एक बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवायची, स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि आवाज सगळ्यात उजळ झाला की हात काढायचा. बस्स. बाकी सगळी कामं हाताची, हे एक कानाचं.

पहिलीच टेप निघाली मंद. स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला, पण उशी काही हटेना. टेपा म्हाताऱ्या झाल्यात बिचाऱ्या. शेवटी वरच्या पट्टीतले आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण पूर्ण पिळलं, तेव्हा कुठे जरा तोंड उघडल्यासारखं वाटलं. आता सगळ्या अशाच करणार.

दुपारी खोलीतला दिवा दोनदा लुकलुकला. मान वर केली तर ही दारात चहा घेऊन उभी. बरोबर चहाच्याच वेळी हा दिवा बिघडतो! बटण खोलून पाहिलं. काही दोष नाही.


शुक्रवार, ७ मार्च

व्याही आले होते. म्हणजे सुनेचे वडील. दोन गल्ल्या सोडून राहतात. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, आता मुलाच्या हाती देऊन स्वतः नवेनवे मोबाईल चालवतात. डिजिटल म्हटलं की यांना पंख फुटतात.

फुटबॉलचा सामना होता. ते मोबाईलवर ऐकत होते, मी माझ्या जुन्या रेडिओवर. गंमत अशी, की डिजिटल आवाज आधी कुठे कुठे हिंडतो आणि मग पोचतो. माझ्या रेडिओवर गोल झाला की मी ओरडायचो, आणि व्याह्यांच्या मोबाईलमध्ये खेळाडू अजून चेंडूमागे धावतच असायचा.

"गेला! आत गेला!" मी म्हणालो.

"सांगू नका हो! अजून मारला नाही त्याने."

"तुमच्याकडे नसेल मारला. आमच्याकडे गळ्यात गळे घालून झाले."

तिसऱ्या गोलानंतर त्यांनी मोबाईल खिशात टाकला. म्हणाले, "असू द्या उशिरा. आवाज तरी स्वच्छ आहे. तुमचा रेडिओ किती मोठा लावलाय! मला कोपऱ्यावरच स्कोअर कळला होता."

"डिजिटलला स्वच्छ नका म्हणू, व्याही. तो सोललेला आवाज. वरचं सगळं कापून टाकतात."

हे मी वाऱ्यावर बोलत नाही. माझं निरीक्षण आहे. ज्या ज्या वस्तूत ती चिप गेली, ती ती वस्तू मुकी झाली. नव्या मोबाईलची घंटी मला कधी ऐकू येत नाही, नुसता खिशात थरथरतो. मनगटावरचं घड्याळ पूर्वी तासाला टिक् करायचं, सेल बदलल्यापासून तेही गप्प. सुनेने दिलेला नवा कुकर तर शिट्टीच देत नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "देतो हो. लाजतो जरा तुमच्यासमोर."

व्याही तिच्याकडे बघून हसले. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

गॅलरीसमोरच्या झाडावरचे पक्षीसुद्धा हल्ली येत नाहीत. येतात, पण बोलत नाहीत. मोबाईलच्या टॉवरमुळे असणार.


सोमवार, १० मार्च

काम झपाट्याने चाललंय. रोज फाईली पाठवतोय. हिने दोन दिवस कानात कापूस घातलाय. विचारलं तर सर्दी म्हणाली. शेजारची मांजर रोज दुपारी माझ्या यंत्राच्या कोमट झाकणावर झोपायला यायची. परवा टेप सुरू करताच उडी मारून जी गेली, ती फिरकली नाही. मांजराची जातच कृतघ्न.

एक सांगायचं राहिलं. वय झाल्यावर माणसं चिडचिडी होतात म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं. हिचा स्वभाव फार निवळलाय. पूर्वी सकाळपासून तोंड चालू असायचं. आता दिवसभर अशी शांत, की घरात आहे की नाही कळू नये. आणि बोलायचं असलं की कामं टाकून समोर येऊन बसते, माझ्या तोंडाकडे बघत सावकाश बोलते. लग्न झाल्यावरसुद्धा कधी इतकं माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

दिवा पुन्हा लुकलुकला. बटणच नवीन बसवलं.


बुधवार, १२ मार्च

आज मन लागत नाही.

इंजिनिअर बाईंचा फोन आला. फोनवर मला बाईंचा आवाज नीट कळत नाही, फार पुटपुटतात. म्हणून हीच बोलते आणि मग मला सांगते. "वरचे आवाज जरा जास्त वाटतात का, असं विचारतायत त्या. फार अदबीने विचारतायत."

मी म्हटलं, "सांग त्यांना, नव्या पिढीला मऊमऊ ऐकायची सवय लागलीय."

हिने फोनमध्ये हे सांगितलं नाही. "बघतो म्हणाले," एवढंच सांगितलं.

मग व्याही आले. परवा त्यांनी हौसेने एक फाईल मोबाईलवर घेतली होती. म्हणाले, "कानात इअरफोनची बोंडं घातली आणि सुया टोचल्या हो! मी ती काढून फेकलीच."

"तुमच्या बोंडांचा दोष."

"बोंडं तुमच्या सुनेनेच आणलीयत."

"मग मी काही बोलत नाही."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आज शाळेतल्या मुलांच्या समूहगीताची टेप लावली होती. मुलांचे आवाज म्हणजे सगळे वरच्या पट्टीतले, पण टेपवर मला नुसती पेटी ऐकू येत होती. मुलं कुठे आहेत? पुन्हा लावली. स्क्रू फिरवला. पुन्हा मागे घेतली, पुन्हा लावली. किती वेळा लावली, भान राहिलं नाही. शेवटी हेडखाली तपकिरी भुकटी दिसली. टेपवरचा लेपच खरवडून निघाला होता. आवाज त्या लेपातच असतो. आता टेपवर पेटीही नाही आणि मुलंही नाहीत. नुसती पारदर्शक फीत.

भुकटी पुसून टाकली. बाईंना सांगायला हवं. उद्या सांगतो.


शनिवार, १५ मार्च

सांगितलं नव्हतं. बाईच आल्या, लॅपटॉप आणि तपासणीची एक टेप घेऊन. त्या टेपवर बोलणं नसतं, गाणं नसतं, फक्त ठरावीक सूर भरलेले असतात. आधी जाडा, मग बारीक, मग आणखी बारीक. त्यांवरून हेड सरळ आहे का ते कळतं. माझ्याकडेही पूर्वी अशी होती.

टेप लावली. पहिला सूर आला, जाडा. दुसरा आला. मग टेप कोरी निघाली. मी वाट पाहिली. म्हणालो, "बाई, ही टेप तर अर्धीच भरलीय. पुढचं पुसलं गेलंय."

 बाई लॅपटॉपकडे बघत राहिल्या. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली, कपाळाला आठ्या घालून. "अहो, ते बंद करा आधी! मघापासून कानात भुंगा भुणभुणतोय."

"कसला भुंगा?"

"तो काय, वाजतोय तो."

मी यंत्राकडे पाहिलं. टेप फिरत होती. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर रेघ उंच उभी होती, भिंतीसारखी. मी कानाला हेडफोन लावले. शांतता. रेघ उभीच, आणि माझ्या कानात शांतता.

 बाईंनी हळूच यंत्र बंद केलं, आणि ही लगेच म्हणाली, "चहा टाकते." तेवढ्या वेळात मी समूहगीताचं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाकीच्या पुन्हा करता येतील, काका. तेवढ्या फिरतील त्या." आणि कपाटाच्या वरच्या फळीकडे बघितलं.

गोड घास शेवटी ठेवला म्हणून वाचला.

म्हणजे मुलं गात होती तर.


रविवार, १६ मार्च

आज काही लिहीत नाही.


मंगळवार, १८ मार्च

काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ही सोबत होती, आणि बोलावलं नसताना व्याहीही. डॉक्टर बाईंनी एका पेटीसारख्या खोलीत बसवलं. सूर आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ हातावर हात ठेवून बसलो होतो. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय.

कागदावर जी रेघ आली ती घसरगुंडीसारखी. जाड्या आवाजांपाशी वर, बारीक आवाजांकडे जाताना सरळ खाली. गेली कित्येक वर्षं हळूहळू असं होत असणार, म्हणाल्या.

व्याह्यांनी कागद चष्म्याजवळ धरून पाहिला. "म्हणजे पक्ष्यांना टॉवरचा त्रास नव्हता तर."

"व्याही, आज नको."

"आजच. उद्या विसरेन." मग माझ्याशेजारी बसून नीट म्हणाले, "डोळ्यांवर काच चढवायला माझ्याच दुकानात आला होतात ना? चारचौघांत आरसा बघून फ्रेम निवडली होतीत. मग कानाला एवढी लाज कसली?"

 चष्मा म्हातारपणी येतोच. कान म्हणजे माझं दुकान होतं. दुसऱ्यांदा दुकान बंद केल्यासारखं वाटतंय. हे त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितो.

श्रवणयंत्र मागवलंय. कानाचं माप घेतलं, तयार व्हायला वेळ लागेल म्हणे. ते डिजिटल आहे, हेही इथेच लिहितो. व्याह्यांना कळलंय, पण अजून बोलले नाहीत. राखून ठेवलंय.

घरी येताना हिला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"झाली असतील पुष्कळ वर्षं."

"मग सांगायचं नाही होय?"

"सांगितलं की! कितीदा सांगितलं. तुम्हाला ऐकू नाही आलं."


शुक्रवार, २१ मार्च

बाईंना म्हटलं होतं, टेप परत घेऊन जा. दुसऱ्या कुणाला द्या.

त्या म्हणाल्या, "यंत्र तुमच्याकडेच आहे, काका. आणि स्क्रूवरचा हातही." मग एक अडचण सांगितली. ही टेप ज्या यंत्रावर भरली त्याचंच हेड तिरकं होतं. तपासणीची टेप लावून आपलं हेड सरळ केलं तर या टेपला ते वाकडंच पडणार. हिच्या वाकडेपणाला आपला वाकडेपणा जुळवायचा, तोही टेप फिरत असतानाच. "पडद्यावर मला रेघ दिसेल. पण मी त्यांना कधी बोलताना ऐकलंच नाही. मूळ आवाज कसा होता ते माहीत असलेलं कुणीतरी हवं."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे.

"मला नका सांगू," ही म्हणाली. "मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही."

"यंत्रातलं कुठे विचारतोय? ती कशी बोलायची ते तुला ठाऊक आहे ना?"

"ते चांगलंच ठाऊक आहे. रोज सकाळी तुमच्या घरात मी एकटीच थोडी होते!"

आज सकाळीच बसलो. हेड स्पिरिटने दोनदा पुसलं. मी स्क्रूपाशी, ही हेडफोन लावून समोर, बाई लॅपटॉपशी. केंद्राच्या नोंदवहीप्रमाणे भाषणाच्या आधी कुणाची तरी ओळख करून देणारं लांबलचक प्रास्ताविक आहे, ते निवेदिकांनीच केलंय. तेवढ्यात जुळलं पाहिजे. मी हिला म्हटलं, ट्रेबल, बेस असलं काही सांगू नकोस, तुला वाटेल तसं सांग.

टेप सुरू झाली. माझ्या कानांना उशीच. हिने डोळे मिटले.

"दार लावून बोलतेय."

मी स्क्रू केसभर फिरवला.

"अजून आतच. दुसऱ्या खोलीत गेली उलट."

उलट फिरवला.  मनगट डाव्या हाताने धरलं.

"हां. दाराशी आली. दार किलकिलं झालं... या बाजूलाच, हळू... उंबऱ्यावर आहे..."

घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात नव्हता.

"आली! आत आली. थांबा! हलू नका आता. हीच ती. अगदी हीच बया."

मी हात काढला. बाई पडद्याकडे बघून नुसती मान हलवत होत्या. मग भाषण सुरू झालं. त्यातलं मला निम्मंच ऐकू आलं, पण मी हिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ही हसत होती. मधेच डोळे पुसले. नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही. तेव्हा स्वयंपाक करता करता ऐकायचे, तसं वाटलं. बाई बोलते मात्र गोड. तुम्हाला उगाच छळलं."

हेड पुसायला गेलो तर बोळ्यावर तपकिरी भुकटी बरीच होती. पुन्हा फिरणार नाही ती. पण आली एकदा घरात, आता जायची नाही.

बाकीच्या टेपाही आता अशाच करायच्या. हिच्या कानांनी.


बुधवार, २६ मार्च

श्रवणयंत्र आलं. कानामागे शेंगदाण्याएवढं बसतं. डॉक्टर बाईंनी चालू केलं आणि मी दचकून मागे पाहिलं. माझ्याच शर्टची घडी वाजली होती.

घरी आलो तर घराला तोंड फुटलेलं. कुकरने शिट्टी दिली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. घड्याळ टिक् करतं. नळ गळतो, तो कधीपासून गळतोय देव जाणे. गॅलरीसमोर पक्ष्यांनी नुसता बाजार मांडलाय.

आणि ही. हिचा स्वभाव निवळला वगैरे मी मागे लिहिलंय. ते खोडत नाही, पण दुरुस्त करतो. ही दिवसभर बोलत असते! स्वयंपाकघरात, पाठमोरी, अखंड. "घातलान् पुन्हा तोच शर्ट... खोक्यांचा ढीग पाडला आणि आपण बसले राजासारखे... नळाचं सांगून जीभ झिजली..." पूर्वीचं काहीही कमी झालेलं नाही. उलट इतक्या वर्षांत मी मधे बोललो नाही, म्हणून चांगली लय सापडलीय.

मी गुपचूप ऐकत बसलो. शेवटी तिने भांडं ठेवलं आणि त्याच सुरात म्हणाली, "दमला असेल बिचारा. नव्याने कान आलेत. आज जरा मऊ भात करावा."

उठून नळ दुरुस्त केला. का केला ते सांगितलं नाही.

पण बाहेर जाताना यंत्र काढून खिशात ठेवलं. रस्त्यावर लोक बघतात.


सोमवार, ३१ मार्च

जुन्या प्रक्षेपणाचा शेवटचा दिवस. केंद्रात बोलावलं होतं, हिलाही आणि मलाही. व्याही बोलावल्यासारखे आले. मी माझा छोटा रेडिओ नेला होता. श्रवणयंत्र खिशात होतं. चारचौघांत नको वाटलं.

निवेदिका बाई आधीच येऊन बसल्या होत्या. गळ्याभोवती रुमाल, केस पांढरे, डोळे मिश्कील. मी यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मला वाटायचं या उंच असतील. ही पुढे होऊन म्हणाली, "मी यांची बायको. तुम्हाला घरात सवत म्हणतो आम्ही." मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्या बाईंचे खांदे हसून हसून हलायला लागले, आवाज मात्र नाही.

इंजिनिअर बाईंनी निवेदिकांचा मोबाईल त्यांच्या हातात दिला. "झालंय. बघा बोलून."

त्यांनी टाईप करायला घेतलं.  मला वाटलं, आता त्या आभार मानतील. काहीतरी भारदस्त येईल. मोबाईल टेबलावर ठेवला आणि त्यातून आवाज आला. जाडसर, उबदार, घाई नसलेला. माझ्या सगळ्या सकाळींचा आवाज. तो म्हणाला,

"कानसेन, यंत्र कानात घालायचं असतं. खिशात त्याला काय ऐकू येणार?"

व्याही खुर्चीवरून पडायचेच राहिले. हिने बघायची तेवढी मजा बघून घेतली. कुणी सांगितलं असेल त्यांना ते उघडच आहे. मी यंत्र काढलं, सगळ्यांसमोर कानात घातलं आणि म्हटलं, "आता पुन्हा बोला."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाजवलं. या वेळी त्याला धार होती. त्यातला "स" उशीखाली नव्हता. शब्दांच्या मधला श्वाससुद्धा ऐकू आला. टेपवरून आलाय तो. मोबाईलला त्याची काही गरज नाही, तरी तो घेतो.

निवेदिका बाई मोबाईल कानाशी धरून बराच वेळ बसल्या होत्या. मग हिचा हात हातात घेतला. टाईप काही केलं नाही.

संध्याकाळी शेवटचा निरोप म्हणून त्यांच्या भाषणाचा शेवट लावला. मी रेडिओ उघडला. शेजारी व्याही मोबाईल घेऊन. माझ्या रेडिओत त्या म्हणाल्या, "आता रजा घेते. नमस्कार." आणि केंद्रातलं जुनं प्रक्षेपण बंद झालं. रेडिओत नुसती खरखर उरली. ती खरखरही मी कित्येक वर्षांत अशी ऐकली नव्हती, वरपासून खालपर्यंत. 

तेवढ्यात व्याह्यांच्या मोबाईलमधून, नेहमीसारखा मागे राहिलेला तो डिजिटल आवाज पोचला: "आता रजा घेते. नमस्कार."

 मी म्हटलं, "व्याही, पहिल्यांदाच बरं झालं तुम्ही उशिरा आलात."


बुधवार, २ एप्रिल

कालपासून दुपारी कानातलं यंत्र जरा वेळ काढून ठेवतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सुरुवातीला कानांना विश्रांती द्या. खरं सांगायचं तर एवढ्या आवाजांची सवय व्हायला वेळ लागतोय. घरातला माणूस दिवसभर बोलत असेल तर फारच.

गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती आज आली. दिवा लुकलुकायचा थांबला होता. मी तर काही केलं नव्हतं. वायर तीच, बटणही मीच बसवलेलं. मग आपोआप कसा दुरुस्त झाला? आणि लुकलुकणं थांबलं तेही नेमकं यंत्र आलं त्या दिवसापासून?

बटणाजवळ जाऊन उभा राहिलो. बटण दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यात उभ्या माणसाचा हात सहज पोचेल तिथे. म्हणजे हातात चहाचा कप असला तरी दुसऱ्या हाताने दाबता येईल असं.

किती वर्षं, आणि मी दर वेळी बटण खोलून बघतोय.

तिला काही बोललो नाही. येऊन पुन्हा टेबलाशी बसलो, यंत्र डबीत ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. आता घरात शांत आहे. स्वयंपाकघरात ती काय काय बोलत असेल याची कल्पना आहे, पण ऐकू येत नाही.

हा आत्ता दिवा दोनदा लुकलुकला.

बटण उत्तम आहे. उठतो, चहा झालाय.